कप्तानाचे वय किती?

गणिताच्या उत्तरपत्रिकांतील हास्यास्पद उत्तरे हा शिक्षकांच्या बैठकीतील नेहमीचा करमणुकीचा विषय होय. कोणी एका भिंतीसाठी साडेतीन गवंडी कामास लावतो, तर कोणाच्या उदाहरणात मुलगा बापाहून वडील ठरतो. अशा उत्तरावर तांबडी रेघ ओढली जाते, घटकाभर हसणे होते आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये, असे आमचे मत आहे. ही उत्तरे मुलांच्या मूर्खपणाचा पुरावा नसून बहुधा आपल्या अध्यापनाचा पुरावा असतात.

“एका जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?” फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याने एकोणिसाव्या शतकात आपल्या बहिणीस अशाच धर्तीचे कोडे पत्रातून थट्टेने घातले होते. १९८०च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील गणिताध्यापनाच्या संशोधन संस्थेने मेंढ्या-शेळ्यांचा हा प्रश्न प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील ९७ मुलांपुढे ठेवला. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवरून कप्तानाचे वय काढून दाखविले. बेरीज केली असता ३६ येतात, आणि कप्तानास ते वय शोभूनही दिसते!

याहून बोधप्रद असे एक उदाहरण स्वित्झर्लंडमधील शिक्षणशास्त्रज्ञ कुर्ट रॉयसर यांनी १९८६ साली नोंदविले. कळपात १२५ मेंढ्या व ५ कुत्रे आहेत, तर धनगराचे वय किती, असा प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने प्रथम बेरीज केली. १३० हे वय त्यास फार वाटले. वजाबाकीने १२० आले, तेही फारच. मग भागाकार केला, २५ आले, आणि त्याचे समाधान झाले. या मुलास विचार करता येत नव्हता, असे कोण म्हणेल? मनुष्य १३० वर्षे जगत नाही, हे त्याने बरोबर ताडले. मात्र हा प्रश्नच निरर्थक असू शकेल, ही शंका घेण्याची मुभा त्यास शाळेत कधी मिळालेली नव्हती. पुस्तकातील प्रत्येक उदाहरणास उत्तर असते, दिलेली प्रत्येक संख्या वापरावयाची असते आणि उत्तर बहुधा नि:शेष येते, हे कोणी तोंडाने शिकवीत नाही. पण शेकडो उदाहरणे सोडवून मूल ते शिकते.

प्रश्न सार्थ असला तरी हेच घडते. अमेरिकेत १९८१-८२च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांस विचारण्यात आले: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांस किती बसगाड्या लागतील? शेकडा ७० मुलांचा भागाकार बिनचूक होता. तथापि शेकडा २९ मुलांनी “३१, बाकी १२” असे उत्तर लिहिले, शेकडा १८ मुलांनी ३१ लिहून बारा सैनिकांस रस्त्यावरच सोडले, आणि ३२ हे योग्य उत्तर केवळ शेकडा २३ मुलांनी दिले. म्हणजे चूक गणितात नव्हती. गणितातून पुन्हा व्यवहारात परत येण्याचे राहून गेले होते.

ही दरी आपल्याही देशात आहे. दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब क्षणात तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या हिशेबांत अडखळत होती. उलट, बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले कागदावरील उदाहरणे सोडवीत, पण व्यवहारातील हिशेबात मागे पडत. दोन्हीकडे बुद्धी होती. दोहोंस जोडणारा पूल तेवढा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, फसवे प्रश्न घालून मुलांस गोंधळात का पाडावे? परीक्षेत तसे करणे अन्यायाचेच होईल. चीनमधील नानचोंग येथे २०१८ साली पाचवीच्या परीक्षेत कप्तानाचा प्रश्न आला, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. चिकित्सक वृत्ती पारखण्यासाठी तो घातल्याचे तेथील शिक्षणाधिकाऱ्यांनी सांगितले. हेतू चांगला खरा. परंतु जी वृत्ती वर्गात जोपासली नाही, तिची परीक्षा कशी घ्यावी? अशा प्रश्नाची जागा वर्गात आहे. तेथे चूक झाली तरी गुण जात नाहीत.

यासाठी अधिक खर्च किंवा नवी पुस्तके नकोत. आठवड्यातून एखादे उदाहरण असे द्यावे की, ज्यात एक संख्या अधिक आहे किंवा आवश्यक ती माहितीच नाही. “या माहितीवरून सांगता येत नाही” हे उत्तर कारणासह आले, तर त्यास पूर्ण गुण द्यावेत. आणि विचित्र उत्तर दिसताच रेघ ओढण्यापूर्वी “हे तू कसे काढलेस?” एवढे मुलास आपुलकीने विचारावे. पुरेशी माहिती नसता निष्कर्ष न काढणे, हा शास्त्रीय वृत्तीचा पहिला पाठ आहे. तो प्राथमिक शाळेच्या पाटीवरच गिरविला जावा.