भाताच्या शितांनी चिकटवलेलं पत्र

माझी आजी अंतर्देशीय पत्राच्या कडा जिभेनं ओल्या करून चिकटवायची आणि वरून भाताची दोन शितं चुरडून लावायची. सरकारी डिंकावर तिचा भरवसा नव्हता. पत्रात असायचं तरी काय? धाकट्या लेकीच्या सासरची कुरबुर, गुडघेदुखी, शेजारणीकडून उसने घेतलेले पन्नास रुपये. पोस्टकार्ड स्वस्त पडायचं, पण असला मजकूर तिनं कधी पोस्टकार्डावर लिहिला नाही.

सरकारी पाळतीचा विषय निघाला की आपण म्हणतो, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" माझी कळकळीची विनंती आहे, हे बोलणं सोडा. आजीकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. घरातलं घरात राहावं, एवढंच तिला वाटे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं हेच मान्य केलं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

फोन ऐकायचाच नाही, असं मी म्हणत नाही. बॉम्बस्फोटाचा कट शिजत असेल तर ऐकलाच पाहिजे. प्रश्न आहे तो परवानगी कोण देतं आणि तपासतं कोण, हा. परवानगी गृहखात्याचे सचिव देतात. एक आदेश ६० दिवस चालतो आणि वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. तो योग्य होता का, हे पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष राज्यात मुख्य सचिव, केंद्रात कॅबिनेट सचिव. म्हणजे अधिकाऱ्यानं काढलेला आदेश अधिकारीच तपासणार. यात न्यायाधीश कुठेच नाही. आणि ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला नंतरसुद्धा कुणी कळवत नाही.

मुंबईतल्या एका व्यावसायिकाचं प्रकरण म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्यावर लाचखोरीचा खटला होता, म्हणून फोन ऐकण्याचे तीन आदेश उजेडात आले. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये ते तिन्ही रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी नाही, जनतेच्या सुरक्षिततेला धोका नाही, मग फोन ऐकला कशासाठी, असा न्यायालयाचा रोख होता. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांनी दाद कुठे मागायची?

आपल्यावर कुणाचा तरी कान आहे असं वाटलं की माणूस आधी आवाज बारीक करतो, मग बोलणंच टाळतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीनं मुंबई बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. पुढे प्रकरण बंद झालं, मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलमही सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. पण त्या आठवड्यात किती घरांत आईबापांनी "तू काही लिहू नकोस गं" असं मुलींना बजावलं असेल! ती भीती कुठल्याच निकालानं रद्द होत नाही.

तेव्हा आपल्या हातात आहे ते तरी करू या. रस्त्यात कुणी "फोन उघडून दाखव" म्हणालं, तर घाबरून लगेच कुलूप उघडून देऊ नका. कशासाठी, कोणत्या गुन्ह्यात, हे शांतपणे विचारा. फोन जप्त होणार असेल तर जप्त वस्तूंची यादी व्हायला हवी, तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि या कारवाईचं चित्रीकरण हवं. १ जुलै २०२४ पासून कायदाच तसं सांगतो. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपला वेगळं कुलूप असतं, ते लावून घ्या. संदेश वाटेत बंद असला, तरी बॅकअप अनेकदा उघडाच पडलेला असतो.

आणि मत मागायला उमेदवार दारात आला की रस्त्याबरोबर, पाण्याबरोबर हेही विचारा: "साहेब, आमचा फोन ऐकायचा असेल तर आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी लागेल, असा कायदा तुम्ही मागणार का?" १९८६ साली पत्रं अडवण्याचे मोठे अधिकार देणारं टपाल विधेयक संसदेनं मंजूर केलं होतं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि ते बारगळलं. तेव्हा एका माणसानं हात आखडला होता. आता दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर शेजाऱ्यांच्या समोर घ्यायचं आहे.