यंत्राची साक्ष

साक्षीदार खोटें बोलतो, कागद बनावट निघतो, सही दुसऱ्यास गिरवितां येते. पण बोटावरील रेषा कधीं खोटें बोलत नाहींत, हा सिद्धान्त आतां आपल्या चांगलाच अंगवळणीं पडला आहे. सिद्धान्त म्हणून तो बहुतांशीं खराहि आहे. परंतु रेषा खोटें बोलत नाहींत एवढ्यावरून त्या वाचणारें यंत्र चुकत नाहीं असें अनुमान काढणें, म्हणजे वेद अपौरुषेय आहेत म्हणून ते म्हणणारे भटजीहि निर्दोष आहेत असें म्हणण्यासारखें आहे. शिधावाटपाच्या दुकानापासून महाविद्यालयाच्या हजेरीपर्यंत आज जो कारभार चालला आहे, तो नेमका याच अनुमानावर उभा आहे.

या विद्येचें पाळणाघर आपलाच देश होय. १८५८ सालीं बंगाल्यांत विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, तो त्यानें पुढें करार नाकारूं नये म्हणून. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यांत अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं मोठा वांटा उचलला, आणि ती ओळखली गेली मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नांवानें! या विद्येच्या मुळाशीं शास्त्र जितकें होतें तितकाच रयतेविषयींचा अविश्वासहि होता. तथापि तेव्हां ठसा पाहणारा माणूस असे. संशय आल्यास तो भिंग घेऊन पुन्हां पाही. आतां भिंगहि गेलें, माणूसहि गेला; अविश्वास तेवढा शिल्लक राहिला.

हें यंत्र करतें तरी काय? बोट टेकलें कीं त्वचेवरील उंचवटे कांचेला भिडतात, खोलगट भाग भिडत नाहींत. या भेदावरून चित्र उमटतें. कोणती रेषा कोठें थांबते, कोठें दुभंगते, हे बिंदु टिपून पूर्वीच्या नोंदीशीं ताडून पाहिले जातात, आणि साम्य ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेलें तर ओळख पटली असें यंत्र सांगतें. ही मर्यादा कोणीतरी माणसानेंच आंखलेली असते. ती वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो, खालीं आणली तर तोतया आंत शिरतो. म्हणजे ‘जुळत नाहीं’ हा निवाडा नव्हे, केवळ अंदाज आहे. परंतु आमच्या कचेऱ्यांतून तो ब्रह्मवाक्य म्हणून चालतो.

आणि हा अंदाज चुकतो तरी कोणाच्या बाबतींत? विटा वाहून, खुरपें चालवून, भांडीं घासून ज्यांचीं बोटें झिजलीं त्यांच्या. वार्धक्यानें ज्यांची त्वचा सुरकुतली त्यांच्या. कुष्ठरोगानें ज्यांचीं बोटेंच गेलीं त्यांच्या. ज्या हातांनीं सर्वांत अधिक काम केलें, तेच हात आधीं परके ठरतात. आम्हां प्राध्यापकांची हजेरीहि हल्लीं बोटानेंच लागते. खडूनें कोरडें पडलेलें बोट पुसून, फुंकर घालून तीनतीनदां टेकावें, तरी यंत्र ओळख देत नाहीं. आणि वीस वर्षें रोज नमस्कार करणारा शिपाई शेजारीं उभा असून त्याची साक्ष ग्राह्य धरली जात नाहीं. आमचें फार तर एका रजेवर निभावतें. परंतु दिवसाची मजुरी बुडवून दुकानीं आलेली म्हातारी जेव्हां रिकामी पिशवी घेऊन परतते, तेव्हां तिचें काय निभावतें?

सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणींत ओळख न पटण्याचे जे अंदाज दिले आहेत, त्यांत गुजरातेंत ६ टक्के, राजस्थानांत ३७ टक्के व झारखंडांत ४९ टक्के असे आंकडे आहेत. यांतला लहानांत लहान आंकडा घ्या. शंभरांतील सहा गिऱ्हाइकांना ‘तुम्ही तुम्ही नव्हेत’ असें सांगून परत पाठविणारा कारकून आपण किती दिवस नोकरींत ठेवूं?

यंत्राचे कैवारी म्हणतील, खोट्या शिधापत्रिका होत्या, त्यांचें काय? होत्या, कोण नाकारतो? परंतु पस्तीस किलो लिहून तीस किलो देणें ही चोरी अंगठ्यानें कशी थांबावी? अंगठा खरा ठरला म्हणून तराजू खरा होत नाहीं. दुसरे म्हणतील, बुबुळ आहे, चेहरा आहे, मोबाइलवर येणारा संकेतांक आहे. शिवाय ठसा जुळला नाहीं म्हणून धान्य नाकारूं नये असें परिपत्रक ऑक्टोबर २०१७ मध्येंच आधार प्राधिकरणानें काढलें आहे. परिपत्रक उत्तम आहे. पण जो नियम म्हातारीला ठाऊक नाहीं आणि जो पाळल्यास दुकानदारावरच संशय यावयाचा, तो नियम कपाटांत सुखानें नांदतो.

द्रोणाचार्यांनीं एकलव्याकडे अंगठा मागितला, हा अन्याय आपण अद्याप विसरलों नाहीं. पण त्यांनीं तो एकदांच मागितला, आणि दिल्यावर तो एकलव्याचाच कशावरून, असें तरी विचारलें नाहीं!

यंत्रें मोडा असें माझें म्हणणें नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, यंत्राच्या अपयशाचा भुर्दंड यंत्र लावणारानें सोसावा. ठसा जुळला नाहीं तर आधीं धान्य द्यावें, चौकशी मागाहून करावी. नकाराचें कारण लिहून तो कागद त्या माणसाच्या हातीं द्यावा. आणि ओळखीच्या दोन माणसांची साक्ष यंत्राच्या साक्षीइतकीच ग्राह्य मानावी. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं या योजनेचा पहिला क्रमांक दिला गेला, आणि तिला नांव दिलें ‘आधार’. आधार म्हणजे टेकू. ज्याला टेकू हवा, त्यानें आधीं आपण न पडण्याइतके भक्कम आहों हें सिद्ध करावें, अशी अट घालणारास त्या शब्दाचा अर्थ पुन्हां शिकविला पाहिजे.