सुईने मिळालेला वेळ वाया घालवू नका

अंजूर, माणकोली, दापोडे या पट्ट्यात नजर जाईल तिथे गोदामं. आपण ऑनलाइन मागवलेला मोबाइल, चपला, साबण बरेचदा इथूनच निघतात. ती खोकी उचलणारा माणूस तुमच्या घरातलाही असू शकतो. मग एक दिवस मान आखडते, खांद्यापासून बोटांपर्यंत करंट लागल्यासारखी कळ जाते, हाताला मुंग्या येतात. एमआरआय होतो. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तो तुमच्या हातात येतो. आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘मानेचं ऑपरेशन नकोच, लकवा होतो.’ दुसरा म्हणतो, ‘सुई मारून घे, उद्यापासून कामावर.’

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

आधी रिपोर्टचं बघू. ‘डिस्क बल्ज’ वाचून घाबरू नका. जपानमध्ये मानेचं काहीही दुखणं नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८७.६ टक्के लोकांच्या मानेत बल्ज दिसला. त्यामुळे फोटोवर नाही, लक्षणांवर निर्णय होतो. नस दबल्याचं दुखणं बहुतेकांना औषधं, विश्रांती आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं.

तेवढ्यानेही कळ थांबली नाही, तर इंजेक्शनचा विचार होतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत टोचतात, ते हे नव्हे. तज्ज्ञ डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर बघत दबलेल्या नसेजवळ स्टेरॉइड सोडतात. नसेची सूज उतरते, कळ कमी होते. पण सरकलेली डिस्क त्याने जागेवर जात नाही, आणि आराम काही आठवडे ते काही महिनेच टिकतो. धोकाही आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये इशारा दिला होता, की मणक्यातल्या अशा इंजेक्शननंतर क्वचित पक्षाघात किंवा दृष्टी जाण्यासारखे प्रकार घडले आहेत. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि हाताची ताकद कमी होतेय, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, असं काही असेल तर सुईची वाट बघूच नका. लगेच मोठं रुग्णालय गाठा. तिथे ऑपरेशन टाळणं हाच धोका ठरू शकतो.

थोडक्यात, सुई वेळ देते. त्या वेळात मानेचे व्यायाम झाले आणि ओझं थांबलं, तर अनेकांचं ऑपरेशन टळतं. पण कळ गेली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास किलोचं पोतं उचललं, तर सुईचा उपयोग काय?

‘घरी बसलो तर खाणार काय?’ हा प्रश्न खरा आहे. म्हणून पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी कापलं जातंय का, ते आजच बघा. ही योजना महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी आहे. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कापलं जात नसेल, तर का नाही, हे ठेकेदाराला विचारायलाच हवं.

रिपोर्ट वाचता येतो ना तुम्हाला? मग डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. ताकद कमी झाली आहे का? सुई कोण आणि कशात बघून देणार? त्यानंतर किती दिवस ओझं उचलायचं नाही? एवढं विचारा, मगच फॉर्मवर सही करू द्या.