सरंजाम म्हणजे स्वामित्व नव्हे

दादरा-नगरहवेलीच्या दाव्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० साली तो मुलूख भारताचा ठरविला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. निकालपत्र न वाचताच हा अभिमान बाळगला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांनी पेशव्यांनी पोर्तुगीजांस सालिना १२,००० रुपयांचा महसूल लावून दिला. सार्वभौमत्व दिले नाही, हे न्यायालयास पटले. सरंजाम म्हणजे स्वामित्व नव्हे, हे महसूल खात्यातील आपला साधा कारकूनही सांगेल. परंतु पुढे आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली आणि स्वतंत्र भारतानेही ती मूकपणे चालू दिली, म्हणून ती वैध झाली, असेही त्याच न्यायालयाने म्हटले! भारताने वाट अडविली यात कर्तव्यभंग नाही, एवढेच ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

जे सनदेने दिले नाही, ते परक्या राज्यकर्त्याच्या मौनाने कसे मिळावे? तेथील वारली शेतकऱ्यास कोणी विचारले होते काय? १९५४ मध्ये पोर्तुगीज अंमल उठला. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व १९७४ अखेरच्या तहाने मानले. तेव्हा आपला हक्क हेगच्या निकालावर टेकवू नये. तो त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या इच्छेवरच उभा आहे, आणि तोच पाया भक्कम आहे.