पत्ता कोणाच्या मालकीचा?

विकेंद्रित समाजमाध्यम म्हणजे काय, हे घरच्यांना आणि मित्रांना समजावून सांगण्याचा प्रयत्न भारतातील अनेक संशोधक करतात आणि बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांतच हरतात. सुरुवात सर्व्हरपासून होते, मग प्रोटोकॉल येतो, मग ‘फेडरेशन’ येते. समोरच्या काकांचे लक्ष तोवर वर्तमानपत्राकडे वळलेले असते. यातून निष्कर्ष काढला जातो तो असा, की सामान्य माणसाला हे कळणे शक्य नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, सांगणाऱ्याच्या सोयीचा आहे आणि देशातील विज्ञानाच्या सार्वजनिक व्यवहाराला घातकही आहे.

चुकीचा अशासाठी, की हेच काका रोज ई-मेल वापरतात. त्यांचे पत्र जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर जाते, तिथून बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या पत्त्यावर जाते, आणि यात काही नवल आहे असे त्यांना वाटत नाही. २०११ पासून मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, हेही त्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे एका ॲपवरून दुसऱ्या ॲपच्या खातेदाराला पैसे पाठवता येतात. काटेकोरपणे पाहता यूपीआय विकेंद्रित नाही. त्याचे सारे व्यवहार एकाच राष्ट्रीय महामंडळाच्या यंत्रणेतून जातात. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राहक एकमेकांशी व्यवहार करू शकतात, ही मुख्य गोष्ट भाजीवाल्यापासून निवृत्त शिक्षकापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. अपवाद आहे तो केवळ समाजमाध्यमांचा. एक्सवरचा माणूस फेसबुकवरच्या माणसाला उत्तर देऊ शकत नाही, आणि ही विचित्र अवस्था मात्र नैसर्गिक मानली जाते.

ज्याला ई-मेल कळते त्याला मास्टोडॉन समजण्यास पुढचे एवढेच पुरते. खात्याच्या पत्त्यात आधी नाव आणि मग ते खाते सांभाळणाऱ्या सर्व्हरचे नाव असते. सर्व्हर हजारो आहेत. कोणी विद्यापीठाचा, कोणी हौशी मंडळींचा, कोणी सरकारचा. ते एका समान, खुल्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. ॲक्टिव्हिटीपब नावाच्या या नियमावलीला जागतिक वेबची मानके ठरवणाऱ्या संघटनेने २०१८ मध्ये मान्यता दिली. एका सर्व्हरची वागणूक पटली नाही, तर अनुयायांसह दुसरीकडे जाता येते. बाकीचा तपशील ज्याला हवा त्याने वाचावा. ई-मेल वापरणाऱ्या कोणीही त्याची नियमावली वाचलेली नसते.

यात विज्ञानाचा संबंध कुठे येतो? भारतातील विज्ञानवार्ता आज मोठ्या प्रमाणावर दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर लोकांपर्यंत पोहोचते. इस्रोची मोहीम असो वा हवामान विभागाचा चक्रीवादळाचा इशारा, बातमीदार आणि नागरिक आधी तिथेच पाहतात. जून २०२३ च्या अखेरीस ट्विटरने लॉगिन न केलेल्यांना नोंदी वाचणेच बंद केले, आणि १ जुलैला साध्या खात्यांवर दिवसाला ६०० नोंदी वाचण्याची मर्यादा घातली. मर्यादा पुढे शिथिल झाली. पण सार्वजनिक पैशातून तयार झालेला इशारा कोणी किती वाचावा हे एका मालकाने एका संदेशाने ठरवले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम बदलल्यामुळे, अमेरिकेच्या हवामान सेवेच्या त्सुनामी इशारा खात्याला आपले स्वयंचलित संदेश तिथे टाकता येणार नाहीत असे जाहीर करावे लागले. काही आठवड्यांनी कंपनीने शासकीय इशाऱ्यांना सवलत दिली. सवलत म्हणजे हक्क नव्हे.

संशोधनाचेही तेच झाले. ट्विटरने २०२३ मध्ये अभ्यासकांचा विनामूल्य विदाप्रवेश संपवला; मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल बंद केले. अफवा कशा पसरतात याचा अभ्यास करणाऱ्यांच्या हातातील दोन प्रमुख साधने अशी गेली. ज्या समाजात लस, भूकंप आणि ग्रहणांविषयीच्या अफवा रोज फिरतात, तिथे हे नुकसान केवळ प्राध्यापकांचे नाही.

यावर स्वदेशी ॲपचा उपाय सुचवला जातो. ‘कू’चा अनुभव त्यासाठी आठवावा. २०२० मध्ये आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत ते गौरवले गेले, मंत्री आणि मंत्रालये तिथे दाखल झाली, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. कुंपण परदेशी असो वा देशी, आतल्या माणसाला बाहेर नेता येत नसेल तर फरक केवळ मालकाच्या पारपत्राचा उरतो. याच्या उलट उदाहरणही देशातच आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेले, तरी पत्ते सरकारचेच राहिले. उद्या कंत्राट बदलले तरी पत्ते बदलणार नाहीत. खुली नियमावली असली की स्वदेशी कंपनीही सेवेकरी म्हणून येते, जमीनदार म्हणून नव्हे.

विकेंद्रित माध्यमांचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. अनेक सर्व्हर स्वयंसेवकांच्या खिशातून चालतात आणि कधी कधी बंद पडतात. मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत. शिवीगाळ आवरण्याचे कष्टाचे काम प्रत्येक सर्व्हरला स्वतः करावे लागते. ब्लूस्कायची रचना खुली असली तरी तिचा बराचसा भार आजही एकच कंपनी वाहते. ई-मेलसुद्धा काही बड्या कंपन्यांकडे एकवटले आहे. तरीही निघून जाण्याचा मार्ग उघडा असणे आणि नसणे यांत मूलभूत अंतर आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर कितीतरी भारतीय वापरकर्ते मास्टोडॉनवर गेले. त्यांतले बरेच टिकले नाहीत. ‘लोकांना जमले नाही’ असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. खरे कारण साधे आहे: ज्या संस्थांचे आणि ज्या माणसांचे ऐकायचे होते, ती तिथे नव्हती. रिकाम्या बाजारात कोणी थांबत नाही, आणि त्याचा दोष गिऱ्हाइकाला देता येत नाही.

म्हणून आधी जाण्याची जबाबदारी काकांची नाही, संस्थांची आहे. भारतात आंतरजाल आणले तेच मुळी अशा संस्थांनी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी होत्या. तेव्हा ना ग्राहक होते, ना जाहिराती. तरी या संस्थांनी खुल्या नियमावलीवर जाळे उभारले आणि देश मागून आला. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या शासकीय संस्था आज स्वतःच्या मास्टोडॉन सर्व्हरवरून बोलतात. त्याची आज्ञावली मुक्त आहे. इस्रो, हवामान विभाग, सीएसआयआर किंवा टीआयएफआर यांना ती चालवता येणार नाही, असे म्हणणे त्या संस्थांतील अभियंत्यांचा अपमान ठरेल.

मागणी माफक आहे. एक्स किंवा फेसबुक सोडा, असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक सार्वजनिक विज्ञानसंस्थेने आपली घोषणा आधी स्वतःच्या नावाच्या खुल्या पत्त्यावरून करावी आणि तिची प्रत इतरत्र टाकावी. ती घोषणा लॉगिनशिवाय वाचता यावी आणि अभ्यासकांना जतन करता यावी. हे घडले की घरच्यांना समजावण्यासाठी तक्ता काढावा लागणार नाही. ‘वादळाचा इशारा हवामान विभागाच्या स्वतःच्या पत्त्यावर आधी येतो’ एवढे सांगितले की काका तिथे पोहोचतील. तोवर त्यांच्या अज्ञानावर व्याख्याने देणाऱ्या विद्वानांनी आपल्याच संस्थेच्या संचालकांना एक पत्र लिहावे. ई-मेलने लिहिले तरी चालेल; ते नक्की पोहोचते.