उपाशी यीस्ट आणि साबुदाण्याची खिचडी

आषाढी असो की नवरात्र, उपवासाच्या आगेमागे एक मेसेज हमखास फिरतो. उपवास केला की शरीर आपल्याच रोगट पेशी खाऊन टाकतं, हे सिद्ध केल्याबद्दल म्हणे एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं! शास्त्रज्ञ खरा, २०१६चं नोबेलही खरं. फक्त योशिनोरी ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला.

१९८८ साली टोकियोत स्वतःची प्रयोगशाळा सुरू केल्यावर त्यांनी यीस्टच्या मुद्दाम अशा पेशी निवडल्या, ज्यांच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम्स) नव्हती. मग त्यांचं अन्न तोडलं. काही तासांतच रिक्तिकेत बारीक बारीक गोळे दाटलेले साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसले. पेशीने आपल्याच आतला ऐवज पुड्या बांधून पचायला पाठवला होता. पचन चालू असतं तर पुरावाही पचून गेला असता. खरी हुशारी ती इथे.

यीस्टची रिक्तिका जे काम करते, तेच आपल्या पेशीत लायसोसोम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली लयकारिका, करते. तिचा शोध बेल्जियममध्ये आडवळणाने लागला. १९४९ साली ख्रिश्चन द दुव इन्सुलिनच्या मागावर होते. उंदराच्या यकृताच्या लगद्यात एक विकर अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकंच काम करताना आढळलं. तोच लगदा पाच दिवस फ्रिजमध्ये राहिला आणि विकराचा जोर एकदम वाढला. विकर पिशवीत बंद होतं. पटल फाटल्यावर बाहेर आलं.

या पिशवीत साठेक विकरं असतात. पटलावरचे पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलतात, त्यामुळे आतला पीएच ४.५ ते ५ राहतो. बाहेर पेशीद्रवात तो ७.२ च्या आसपास, म्हणून चुकून थोडी गळती झाली तरी विकरांचा जोर तिथे ओसरतो. तुटलेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं पुन्हा पेशीद्रवात येतात आणि नव्या प्रथिनांच्या कामी लागतात.

उपासमारीत हे स्वभक्षण वाढतं, यात वाद नाही. इन्सुलिन वाढलं की ते मंदावतं, हेही तितकंच खरं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. वाटीभर खिचडी हाणल्यावर इन्सुलिन वाढणारच. श्रद्धेने उपवास करणाऱ्याला अर्थात नोबेलची गरज नाही. पण पोट भरलेलं असतानाही पेशीत हे काम थोडंफार चालूच असतं, आणि पचतात ते पेशीच्या आतले जुने, बिघडलेले भाग. रोगट पेशी वेचून काढणं हे या यंत्रणेचं कामच नव्हे.

मेसेजमध्ये कॅन्सरही बरा झालेला असतो. प्रत्यक्षात वाढलेल्या गाठीतल्या पेशी अन्न कमी पडलं की याच स्वभक्षणावर तग धरू शकतात. त्यामुळे कॅन्सरच्या काही चाचण्यांमध्ये डॉक्टरांनी नेमकं उलट करून पाहिलं आहे: मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन लायसोसोममधली आम्लता कमी करायची आणि हे पचन बंद पाडायचं.