वारशाची कमान आणि तहबाजारीची पावती

जुन्या बाजाराचे भाग्य उजळावयाचे ठरले की आराखडे सर्वत्र सारखेच निघतात. तोंडाशी कमान, तिच्यावर नवे नाव, एकाच रंगाच्या पाट्या, फरसबंदी, शोभेचे दिवे. 'वारसा' हा शब्द त्यांत हमखास असतो. ज्यांनी हा वारसा उन्हापावसात बसून उभा केला त्यांना मात्र आराखड्यात जागा नसते. परभणीच्या गुजरी बाजारावर वा शनिवार बाजारावर अशी कृपादृष्टी वळण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी याचा विचार केला पाहिजे. ही नावे कोणा अध्यक्षाने ठराव करून दिलेली नाहीत. गुजरी म्हणजे दिवस कलताना रस्त्याकडेला भरणारा बाजार. शनिवार तर नुसता वार. विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या तोंडी ती घडली.

नामांतर हे स्वभावतःच पाप आहे असे नव्हे. पुण्यात शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरणारी मंडई उठवून १८८६ साली नवी दगडी इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव मिळाले. नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. गव्हर्नराचे नाव गेले हे उत्तमच झाले. परंतु ज्याने इमारतीला विरोध केला त्याचेच नाव इमारतीला लागले, आणि सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा त्याचा प्रश्न त्या सन्मानाखाली निमूटपणे दबला!

आजचा सुशोभीकरणवाला तर फुल्यांचे नावही घेत नाही. गिऱ्हाईक वाढेल, प्रवासी येतील आणि त्याचा लाभ विक्रेत्यालाच होईल, असा त्याचा युक्तिवाद असतो. दिल्लीच्या चांदणी चौकात काय झाले? २०२१ साली नूतनीकरण झालेल्या रस्त्याचे थाटात उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी तेथील फेरीवाल्यांना हटवण्याचे न्यायालयीन आदेश निघाले. कारण तो भाग फेरीबंदीचा. रस्ता ऐतिहासिक ठरला, रस्त्यावरचा माणूस बेकायदा ठरला.

या ठिकाणी मराठवाड्याच्या पालिकांना एक प्रश्न विचारणे भाग आहे. निजामी अमदानीतला 'तहबाजारी' हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीकडून, बांगड्यांचे पाल ठोकणाऱ्या मण्याराकडून, हातगाडीवरच्या बागवानाकडून ती वसूल होते व पावती फाडली जाते. पैसे घेताना तो विक्रेता. मोटारींना वाट हवी झाली की तोच अतिक्रमणधारक! ज्या जागेचे भाडे पिढ्यान्‌पिढ्या घेतले ती जागा एका रात्रीत अडगळ कशी होते?

कायदा या बाबतीत पालिकांच्या पुढे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर स्पष्ट म्हटले आहे की, जेथे विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये. निजामशाही १९४८ साली संपली, त्यालाही पाऊणशे वर्षे उलटून गेली. कायद्याच्या भाषेत वारसा म्हणजे कमान नव्हे. बसणाऱ्याचा बसण्याचा हक्क.

अर्थात जुना बाजार सोन्याचा होता, असा भाबडा गोडवा गाण्याचे कारण नाही. मोक्याची जागा कोणाच्या वाट्याला आली आणि गटाराच्या कडेला कोणाला बसावे लागले, यात जातीचा हिशेब होताच. पाणी, सावली, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची वानवा आजही आहे. खर्च करावयाचा तर तो येथे करावा.

दोष केवळ पालिकांचा नाही. हातगाड्या उचलल्या जातात त्या दिवशी आपले कार्यकर्ते घोषणा देत धावतात. समितीच्या निवडणुकीच्या वेळी मात्र कोणी फिरकत नाही आणि ती जागा दलालांच्या हाती जाते. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुरावा विक्रेत्यांच्या घरातच पडून आहे. आजीच्या पेटीतल्या, तेलकट झालेल्या तहबाजारीच्या पावत्या जमवाव्यात, जुन्या विक्रेत्यांचे जबाब लिहून घ्यावेत, आणि कमानीचा ठराव सभेपुढे येण्याआधी वारसा बाजाराचा अर्ज पालिकेच्या आवक विभागात देऊन त्याची पोच घ्यावी.